एकेकाळी सराय असलेलं इंग्लंडमधलं लाकडी चौकटीचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला खेड्यापाड्यांत अशी घरं अजून उभी आहेत. ओकच्या जाड खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या चौकोनांत कूड किंवा विटा, वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला. त्यातली बरीचशी कधीकाळी वाटसरूंच्या मुक्कामाची जागा, म्हणजे ‘इन’ होती. आज ती कुणाची तरी राहती घरं आहेत. असं घर घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या किंवा भाड्यानं राहणाऱ्या मराठी मंडळींना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं. कायद्याचे तपशील फक्त इंग्लंडपुरते आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे.

या घरात भार नेमका कोण पेलतं?

सांगाडा. भिंती म्हणजे नुसती भरण. जमिनीवर दगडाचं किंवा विटांचं बुटकं जोतं, त्यावर आडवी तळपट्टी, तळपट्टीत उभे खांब, खांबांवर भिंतमाथ्याची पाटी आणि आडव्या तुळया, आणि त्यावर वासे. दोन मुख्य खांबांमधल्या अंतराला आपण खण म्हणतो; इथं एक खण साधारण साडेचार-पाच मीटरचा असतो, आणि दोन खणी, तीन खणी अशीच घराची मोजणी होते. कोपऱ्यांत तिरपे टेके असतात. ते शोभेचे नाहीत. ते काढले की चौकट वाऱ्यानं एका अंगाला कलू लागते, आणि विसाव्या शतकात दार रुंद करण्याच्या नादात नेमके तेच कापले गेलेले अनेक घरांत दिसतात.

ही झाली पेटीसारखी चौकट. पश्चिमेकडे आणि मध्य इंग्लंडात दुसरा प्रकार सापडतो: वाकडं झाड उभं चिरून केलेल्या दोन कमानदार बाह्या, ज्या जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत जातात. त्याला ‘क्रक’ म्हणतात. केंट, ससेक्स, सफोक या पूर्व-आग्नेय भागात क्रक जवळजवळ नाहीच.

आपल्या वाड्यापेक्षा हे वेगळं कसं?

तत्त्व तेच, फरक तपशिलात आहे. वाड्याचा सागवानी खांब दगडी तळखड्यावर सुटा उभा असतो. इथं तो बहुतेकदा सलग तळपट्टीत कुसू (खांबाच्या टोकाचा, खाचेत बसणारा दाता) घालून बसवलेला असतो. त्यामुळे पहिली कुजते ती तळपट्टी. सागात तेल असतं आणि तो वाळवून वापरतात. ओक मात्र तोडल्यावर काही महिन्यांतच, ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. ओलं लाकूड जागेवर वाळतं, आडवं ७-८ टक्क्यांपर्यंत आकसतं, पिळवटतं. घराचा वाकडेपणा बहुतांशी बांधल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलाच असतो. आणि वाळवीची धास्ती इथं बाळगायची गरज नाही. इथले शत्रू वेगळे आहेत, ते पुढे येतीलच.

चौकट खरी की वरून ठोकलेल्या फळ्या?

१९२० आणि ३० च्या दशकांत विटांच्या घरांवर काळ्या फळ्या मारून जुनेपणाचा आव आणायची मोठी टूम होती. खऱ्या चौकटीत सांध्यांवर लाकडी खुंट्या दिसतात, १९ ते २५ मिलिमीटर जाडीच्या, थोड्या बाहेर आलेल्या, चिरून नव्हे तर फोडून काढलेल्या. बाहेर दिसणारा खांब आत त्याच जागी दिसला पाहिजे. सांध्यापाशी रोमन आकड्यांसारख्या छिन्नीच्या खुणा असतील तर शंकाच नको. सुतार आपल्या अंगणात जमिनीवर चौकट जुळवून बघत, प्रत्येक सांध्याला आकडा घालत, मग सुटी करून जागेवर नेऊन उभी करत.

उलटही घडतं. अठराव्या शतकात लाकडी घर गावंढळ वाटू लागलं, म्हणून पुढून विटांचा दर्शनी भाग चढवला गेला. अशा घराचा खरा चेहरा पोटमाळ्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

घर कोणत्या काळातलं हे कसं ओळखावं?

पाटीवरच्या सालावर विश्वास ठेवू नका. पोटमाळ्यावर विजेरी घेऊन चढा आणि वासे बघा. ते काजळीनं काळेकुळकुळीत असतील तर घराच्या मधोमध कधीकाळी उघडी चूल होती, धुराडं नव्हतं, आणि छपरापर्यंत मोकळं दालन होतं. म्हणजे घर ढोबळमानानं १५५० च्या आधीचं. सोळाव्या शतकात विटांचं धुराडं आत घातलं गेलं आणि त्या मोकळ्या दालनात मजला टाकला गेला. हा टाकलेला मजला ओळखायची युक्ती म्हणजे त्याच्या तुळया मूळ खांबांत नीट बसत नाहीत, कुठेतरी खिडकी किंवा टेका आडवा कापतात.

आता एखाद्या आडव्या तुळईची खालची बाजू बघा. तिथं ओळीनं शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं दिसली, तर तिथं काच नसलेली खिडकी होती; त्या भोकांत उभे गज कर्णावर बसवलेले असत. शेजारी लांब खोबण असेल तर ती सरकत्या झडपेची. रिकाम्या खाचा, खुंट्यांची एकटी भोकं, मध्येच थांबलेली खोबण हे सगळं वाचता आलं की काढून टाकलेल्या भिंती मनात परत उभ्या करता येतात.

नेमकं साल हवं असेल तर लाकडाच्या वर्षवलयांची तपासणी. पेन्सिलीएवढे नमुने ड्रिलनं काढतात, निदान आठ-दहा, प्रत्येकात किमान ५० वलयं असलेली बरी. झाडाची साल लाकडावर टिकलेली असेल तर ते कोणत्या वर्षी, कधीकधी कोणत्या ऋतूत तोडलं हेही कळतं. ही साल नसेल आणि फक्त तिच्याखालचं कोवळं लाकूड शिल्लक असेल तर इंग्लिश ओकसाठी त्या भागात ९ ते ४१ वलयं धरतात, म्हणजे उत्तर नेमकं वर्ष न येता कालखंड येतो. या भोकांनाही परवानगी लागू शकते, आधी विचारा.

“तुळया जुन्या जहाजाच्या आहेत” असं मालक सांगतात. खरं का?

जवळजवळ कधीच नाही. रिकाम्या खाचा आणि वाकडी लाकडं बघून ही कथा रचली जाते. खाचा आहेत त्या पाडलेल्या भिंतींच्या किंवा दुसऱ्या घरातून आणलेल्या लाकडाच्या. वाकडी झाडं सुतार मुद्दाम निवडत. समुद्रापासून साठ मैलांवरच्या खेड्यात जहाजाच्या तुळया बैलगाडीतून कोण नेणार?

घर खरंच इन होतं का, हे शोधायचं कसं?

आधी शब्द नीट लावून घ्या. ‘इन’मध्ये मुक्काम, जेवण, घोड्यांची सोय, ‘टॅव्हर्न’मध्ये मुख्यतः वाइन, ‘एलहाऊस’ म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घरातलीच बिअर विकायची खोली. “जुनी इन” म्हणून विकली जाणारी कित्येक घरं प्रत्यक्षात एलहाऊस होती. शिवाय १८३० च्या बिअरहाऊस कायद्यानं कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाला वर्षाला दोन गिनी (जुनं इंग्लिश नाणं) भरून बिअर विकायची मुभा दिली. त्या लाटेत पाच-पंचवीस वर्षं दुकान चालवलेलं घरही आज ‘ऐतिहासिक सराय’ म्हणून मिरवतं.

कागद कोणते बघायचे? एलहाऊसला परवाना सक्तीचा झाला १५५२ च्या कायद्यानं. सगळ्यांत कामाची मालिका १७५३ ते १८२८ ची: परवानाधारकांची हमीपत्रं आणि नोंदवह्या, ज्या जिल्हा दप्तरखान्यात असतात. त्यात परवानाधारकाचं नाव नक्की मिळतं, सरायीच्या पाटीचं नाव दर वेळी मिळेलच असं नाही. म्हणून ते नाव जमीनमालकीच्या कागदांशी आणि १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या ‘टाइद’ म्हणजे चर्चच्या दशमांश कराच्या नकाशांशी जुळवावं लागतं. त्याच्या मागे जायचं तर १६६२ ते १६८९ चा चूल-कर. खेड्यात एका घराला दोन-तीन चुली असताना एखाद्याला आठ-दहा असतील तर कान टवकारावेत. १६८६ मध्ये युद्ध खात्यानं देशभरातल्या सरायांतल्या खाटा आणि घोड्यांच्या जागा गावागावानुसार मोजल्या. ती वही लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३०/४८ या क्रमांकाखाली आहे. तिच्यात गावाचा आकडा मिळतो, एकेका घराचा नाही.

पण खरा खजिना म्हणजे मृत्युपत्रासोबतची मालमत्तेची यादी. इन चालवणारा वारला की शेजारी खोलीखोलीतून फिरून सगळं लिहून काढत. सरायीच्या खोल्यांना आकडे नसून नावं असत. ‘गुलाब’ खोलीत दोन पलंग, ‘तारा’ खोलीत तीन, तळघरात बिअरची पिंपं, स्वयंपाकघरात कथलाच्या मिश्रधातूच्या डझनावारी थाळ्या अशी यादी हाती आली की वादच संपतो.

इमारतीतच सरायीच्या काही खुणा सापडतात का?

सापडतात, पण एकेकटी खूण पुरत नाही. रस्त्याकडून अंगणात जाणारा गाडीचा बोळ बहुधा नंतर बुजवलेला असतो. तिथं तळपट्टी तुटलेली दिसते, दोन्ही बाजूंचे खांब जाड आणि मधल्या काड्या मात्र बारीक, कमी वयाच्या. अंगणाकडेनं चढणारा बाहेरचा जिना किंवा सज्जा, एकमेकींतून न जाता स्वतंत्र दार असलेल्या वरच्या खोल्या, वरच्या मजल्यावर गरजेपेक्षा जास्त शेकोट्या, पिंपं घरंगळत उतरवायला उतार असलेलं तळघर, मागे लांब तबेला. यातल्या तीन-चार एकत्र आल्या तर कागद शोधायला लागा.

शेकोटीच्या आडव्या तुळईवर अश्रूच्या आकाराचे जळके डाग दिसले तर ते मेणबत्ती कलंडून पडलेले नाहीत. ज्योत तुळईला ठरावीक कोनात धरून, मध्ये कोळसा खरवडून, ते मुद्दाम केले आहेत; आग आणि अनिष्टापासून घर राखण्याचा हा उपाय होता असा जाणकारांचा कयास आहे. कर्कटकानं कोरलेली सहा पाकळ्यांची फुलंही त्यातलीच. कधी धुराडाशेजारच्या पोकळीत जुना बूट निघतो. तो फेकू नका. आहे तिथं फोटो काढा. नॉर्दम्प्टनच्या संग्रहालयात अशा लपवलेल्या बुटांची सूची ठेवली जाते. आणि तुळया सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, ‘स्वच्छ’ करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला दाराबाहेरच ठेवा. चारशे वर्षांच्या खुणा एका दुपारीत जातात आणि उरतं ते केसाळ, फिकं लाकूड.

भिंतीला ओल येते. सिमेंटचा गिलावा करून टाकू का?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

लाकूड सतत थोडं हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी आत शिरतं, आणि सिमेंटमधून ते बाहेर वाळू शकत नाही. ते खाली झिरपून तळपट्टीवर साचतं. वरून भिंत कोरडी, छान दिसते. आत खांबाचा पाय भुसभुशीत झालेला असतो. सिमेंट काढल्यावर खांबाचा खालचा फूटभर भाग हातानं उकरून निघावा, इतकी ही गोष्ट नेहमीची आहे. प्लास्टिकचे रंग, ओल रोखणारी रसायनं टोचणं, आतून डांबराचा थर हे सगळे याच जातीचे उपाय. शेकडो वर्षं टिकलेलं लाकूड विसाव्या शतकातल्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांत गेलं, असं अनेक घरांत झालं आहे.

ओल कुठून येते ते या क्रमानं बघा. पन्हळ आणि तिचे सांधे, शक्यतो भर पावसात छत्री घेऊन. मग बाहेरची जमीन: पिढ्यान्‌पिढ्या रस्ता आणि फरशी चढत जाते आणि तळपट्टी मातीत गाडली जाते. तळपट्टी बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० ते २०० मिलिमीटर वर हवी. माती हलकेच उतरवा, पण जोत्याच्या तळापेक्षा खाली कधीच खणू नका; या घरांना पाया म्हणावा असा पाया नसतोच, आणि भिंतीला लागून खोल चर खणला तर घर त्यात सरकतं. त्यानंतर आतला ओलावा: स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, बुजवलेली धुराडी. भाताचा कुकर आणि इंग्लंडचा नोव्हेंबर एकत्र आले की थंड कोपऱ्यात बुरशी धरतेच. हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि बंद धुराड्याला जाळी ठेवा.

ओल मोजायच्या टोकदार यंत्राचा आकडा लाकडापुरताच खरा. चुन्याच्या गिलाव्यात क्षार असतात, तिथं ते यंत्र उगाच घाबरवतं. लाकडात २० टक्क्यांच्या खाली असाल तर कुजण्याची भीती फारशी नाही.

कुडाचा चौकोन पडला तर तो पुन्हा कसा भरायचा?

कूड आपल्याला नवा नाही. कोकणात कारवीचा, इथं हेझल नावाच्या झुडपाचा. वरच्या आडव्या लाकडात भोकं आणि खालच्यात खोबण असते. ओकच्या फोडलेल्या उभ्या काठ्या वर घालून खाली सरकवतात, मग त्यांतून हेझलच्या हिरव्या फांद्या विणतात. जुन्या काठ्या शाबूत असतील तर त्याच ठेवा.

माती चिकण, पण वरची काळी नव्हे, तिच्याखालची. तिच्यात खडबडीत वाळू, बोटभर लांबीचा गव्हाचा पेंढा आणि थोडं शेण. पायानं तुडवून एक-दोन दिवस मुरू द्या. गोळा कंबरेच्या उंचीवरून टाकला तर पसरायला नको आणि फुटायलाही नको. दोघांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, समोरासमोर दाबायचं, म्हणजे माती फांद्यांमध्ये एकमेकींना धरते. एकूण ९ सेंटिमीटर जाडीला एका चौरस मीटरमागे सव्वाशे ते दीडशे किलो ओली माती लागते. लोक निम्मीच आणतात आणि अर्ध्यात अडकतात. माती कडेच्या लाकडाच्या पृष्ठभागापासून गिलाव्याच्या जाडीइतकी आत ठेवा. वाळायला उन्हाळ्यातही तीन-चार आठवडे. भेगा पडणारच, त्या ओल्या करून भरायच्या. जास्तच पडल्या तर वाळू कमी होती.

त्यावर चुन्याचा गिलावा: एक भाग मुरवलेला चुन्याचा लगदा, तीन भाग टोकदार कणांची वाळू, आणि पहिल्या थरांत बकऱ्याचे केस, घनमीटरला पाचएक किलो. प्रत्येक थर १० मिलिमीटरच्या आत, दोन थरांत निदान आठवडा. ५ अंशांखाली काम करू नका, नाहीतर थंडीत तो भुगा होऊन गळतो. ऊन-वाऱ्यात ओल्या गोणपाटानं झाका, कारण लवकर वाळला तरी तो तसाच दगा देतो. शेवटी दुधाइतका पातळ चुना, चार-पाच हात, दर वेळी भिंत आधी ओली करून. चुना डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते. डोळे झाकणारा संरक्षक गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय डब्याचं झाकणही उघडू नका.

लाकूड काळं आणि भिंती पांढऱ्या, हेच मूळ रूप ना?

बहुतेक ठिकाणी नाही. दक्षिण-पूर्वेला ओक तसाच राखाडी होऊ देत किंवा लाकडासकट सगळ्यावर चुना, कधी गेरूसारख्या मातीचा रंग मिसळून मारत. कुळकुळीत काळं रूप प्रामुख्यानं एकोणिसाव्या शतकातलं. डांबर किंवा प्लास्टिकचा रंग लाकडाची ओल आत कोंडतो. आता लावलेला असेल तर घाईनं खरवडू नका. उडत असेल तिथं उडू द्या आणि पुढचा हात लावू नका.

तळपट्टी कुजली आहे. दुरुस्ती कशी होते?

हे घरमालकाचं काम नाही, पण सुतार काय करतोय ते समजलं पाहिजे. आधी वरचा भार लोखंडी टेकूंवर आणि आडव्या धीऱ्यांवर घेतात. फक्त पेलायचा, उचलायचा नाही. अर्धा सेंटिमीटर उचललं तरी वरच्या गिलाव्याला तडे जातात. मग कुजलेला भाग, आणि तेवढाच, कापतात. टोचणीनं घट्ट लाकूड लागेपर्यंत जायचं. खांबाच्या पायाला नवं ओक लांब तिरप्या सांध्यानं जोडतात. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या साधारण तिप्पट किंवा जास्त. खुंट्यांची दोन्ही लाकडांतली भोकं दोन-तीन मिलिमीटर हुकवून पाडतात, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा ओढून घट्ट होतो.

नेहमी काय चुकतं? साधे लोखंडी बोल्ट. ओकमधलं आम्ल लोखंड खातं आणि लाकूड निळं-काळं पडतं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. दुसरं, तळपट्टीखाली प्लास्टिकचा पट्टा: वरून आलेलं पाणी त्यावर साचतं. तिसरं, जोत्याच्या विटा सिमेंटमध्ये. तिथं ३.५ वर्गाचा नैसर्गिक जलीय (पाण्यानं घट्ट होणारा) चुना, एकास अडीच ते तीन वाळू, हे पुरेसं आहे. कुजलेला भाग रेझिननं भरून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

लाकडाला भोकं आहेत. कीड लागली का?

दीड-दोन मिलिमीटरची भोकं साध्या फर्निचर-भुंग्याची. तो बाहेरचं कोवळं लाकूड खातो आणि बहुधा शंभर वर्षांपूर्वीच निघून गेलेला असतो. तीन मिलिमीटरची भोकं ‘डेथवॉच’ भुंग्याची, आणि याच्याकडे लक्ष हवं. त्याला ओला, बुरशीनं मऊ केलेला ओक लागतो. अळी लाकडात अनेक वर्षं काढते, भुंगा एप्रिल ते जूनमध्ये बाहेर येतो, आणि जोडीदाराला बोलवायला लाकडावर डोकं आपटून टकटक करतो. मरणासन्न माणसाशेजारी रात्र जागवणाऱ्यांना तो आवाज ऐकू यायचा, म्हणून हे नाव.

एप्रिलमध्ये तुळईखाली कागद चिकटवून ठेवा. ताजा, फिकट भुसा पडला तरच कीड जिवंत. मग पाणी कुठून येतं ते शोधून थांबवा. लाकूड वाळलं की तिची वाढ थंडावते. सगळ्या घरावर औषध फवारणाऱ्या कंपन्या हमीपत्र देतात, पण फवारा जाड तुळईच्या आत पोचत नाही. उलट भुंगा खाणारे कोळी मात्र मरतात.

जमीन उतरती आहे, दारं तिरकी आहेत. घर पडतंय का?

तिरकेपणाला घाबरू नका, बदलाला घाबरा. तड्याची कड धारदार आणि आतून स्वच्छ असेल तर तो नवा. धूळ, रंग, कोळिष्टकं असतील तर जुना. दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून तारीख घाला आणि वर्षभर मोजा. ऋतूनुसार थोडं उघडमीट होणं ठीक. कुसू खाचेतून बाहेर येताना दिसलं, तर मात्र जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नव्या घरांचा इंजिनिअर पोलादी तुळई सुचवून मोकळा होतो.

थंडी फार वाजते. भिंतींना फोम भरला तर?

फवारायचा फोम छपरात अजिबात नको. वासे आत गुदमरतात, तपासताही येत नाहीत, आणि पुढे घर विकताना बँका कर्ज नाकारतात. आधी फटी बुजवा: चौकट आणि भरणीमधल्या फटीत मेंढीची लोकर किंवा केसाळ चुना. माळ्याच्या जमिनीवर लोकर किंवा लाकडी तंतूंच्या गाद्या, पण छपराच्या कडेला हवा खेळती ठेवून. खिडक्यांना आतून दुसरी काच. ही बहुधा जुनी तावदानं न हलवता बसते. भिंतीला आतून लाकडी तंतूंचे किंवा भांग-चुन्याचे पातळ थर चालतात, परवानगीनं.

लाकडाच्या शेगडीचं धुराडं वर्षातून दोनदा साफ करा, सरपण २० टक्क्यांपेक्षा कमी ओलीचं हवं, आणि शेकोटीवरची जुनी तुळई शेगडीपासून उत्पादकानं सांगितलेल्या अंतराबाहेर ठेवा. गवताचं छप्पर असेल तर शेगडीचा मोह टाळणंच शहाणपणाचं. वुस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावची फ्लीस इन २००४ मध्ये छपराला आग लागून जळाली होती. पुढे ती पुन्हा उभारली.

‘लिस्टेड’ म्हणजे दर्शनी भाग बदलायचा नाही, एवढंच ना?

हा गैरसमज महागात पडतो. ‘लिस्टेड’ म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत असलेली इमारत. संरक्षण पूर्ण इमारतीला असतं, आतून-बाहेरून: जिना, दारं, गिलावा, सगळं. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही सहसा त्यातच येतात, म्हणजे तो तबेलाही. वर्ग तीन आहेत, आणि यादीतल्या इमारतींपैकी पहिल्यात सुमारे २.५ टक्के, दोन-तारांकितमध्ये ५.८ टक्के, उरलेल्या सगळ्या दुसऱ्यात. वर्ग खालचा म्हणून नियम सैल होत नाहीत.

१९९० च्या कायद्यानुसार विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद आणि कमाल मर्यादा नसलेला दंड. कारवाईला मुदतीचं बंधन नाही, आणि आधीच्या मालकानं केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावे येऊ शकते. म्हणून खरेदीआधी वकिलाकडून प्रत्येक बदलाची परवानगी मागवा. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, निर्णयाला साधारण आठ आठवडे. जसंच्या तसं केलेल्या दुरुस्तीला अनेकदा परवानगी लागत नाही, पण ते ठरवायचं काम तुमचं नाही, स्थानिक संवर्धन अधिकाऱ्याचं. आधी ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

पाहणी तिसऱ्या स्तराची, म्हणजे सर्वांत सखोल करून घ्या, आणि तीही जुन्या इमारतींची मान्यता असलेल्या सर्व्हेअरकडून. विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ घरमालकांसाठी सल्ला आणि प्रशिक्षणवर्ग चालवते. विमा बाजारभावावर नव्हे, पुन्हा बांधायच्या खर्चावर काढा. ओक आणि चुन्यात तो बहुतेकदा जास्तच निघतो.

माळ्यावर वटवाघळं आहेत. घालवता येतील का?

नाही. वटवाघूळ आणि त्याचं राहण्याचं ठिकाण, दोन्ही कायद्यानं संरक्षित आहेत, ती त्या वेळी तिथं नसली तरी. छपराच्या कामाआधी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गरक्षण संस्थेचा सल्ला घ्या. पिल्लांच्या मोसमात काम थांबवावं लागतं, म्हणून वेळापत्रक त्याभोवतीच आखा.

घर घेण्याआधी अशी चांगली इमारत कुठे बघायला मिळेल?

सॉमरसेटमध्ये नॉर्टन सेंट फिलिपची जॉर्ज इन. खाली दगड, वर पुढे झुकलेले लाकडी मजले. मुळात ती हिंटनच्या कार्थुझियन (एक ख्रिस्ती पंथ) मठाची मालमत्ता. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १६६८ मध्ये तिथं जेवला, आणि १६८५ मध्ये राजाविरुद्ध बंड करणाऱ्या ड्यूक ऑफ मनमथचा मुक्काम तिथंच होता. सांगाडा आतून बघायचा तर ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात ‘बे-लीफ’ नावाचं घर बघा. ते इन नव्हतं, पण उघड्या चुलीचं मोकळं दालन म्हणजे काय हे तिथं पाच मिनिटांत कळतं.

आमच्या घरात पुन्हा इन किंवा पब सुरू करता येईल का?

आधी मालकीपत्र वाचा. दारूभट्ट्यांच्या कंपन्या बंद पडलेला पब विकताना अनेकदा अट घालत की इथं पुन्हा कधी मद्यविक्री होणार नाही, आणि ती अट पुढच्या मालकांवरही लागू राहू शकते. अट नसली तरी राहत्या घराचा वापर बदलायला नियोजन परवानगी, मद्याचा परवाना, आगीपासून सुटकेचे मार्ग हे सगळं लागतं. आगीच्या दारांसाठी जुनी फळ्यांची दारं काढायला संवर्धन अधिकारी सहसा तयार होत नाही. एक-दोन खोल्या न्याहारीसह भाड्यानं देणं त्या मानानं सोपं, तेही विमा कंपनीला आधी कळवून.